घराचा शॉट आधी झाला

कोट एकच होता, आणि पुढे जे काही झालं ते त्या एका कोटापायी झालं.

मूकपट काढणाऱ्या त्या कंपनीने त्या वर्षी अनाथ पोराची ती जाडजूड कादंबरी हातात घेतली होती. शाळेत सगळ्यांना लावलेली, निम्म्यांनी वाचलेली, आणि वाचली नाही असं कुणीच कबूल न केलेली. सहाशे पानं, आणि ती कोंबायची पाच रिळांत. दिग्दर्शक पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून बोलायचा, समोरचा माणूस हातभर अंतरावर असला तरी. म्हणून पाठीमागे सगळे त्याला भोंगा म्हणत. कादंबरीत आजोबा हरवलेल्या नातवाला ओळखतो तो अंगावरच्या कोटाच्या कापडावरून, आणि शेवटी त्याच कापडाचा नवा कोट त्याला शिवून घालतो. म्हणजे भोंग्याला एकाच कापडाचे तीन कोट हवे होते. अनाथाश्रमातला चिंध्या झालेला, रस्त्यावरचा विटलेला आणि शेवटचा नवाकोरा.

कापड मिळता मिळेना. त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग कळत नसत. निळं धरलं की पांढरं दिसे, लाल धरलं की काळंकुट्ट. अकरा कापडं झाली. शेवटी सामानाच्या खोलीत पडलेल्या एका मोडक्या बिलियर्ड टेबलावरचं हिरवं लोकरी कापड भोंग्याच्या मनासारखं राखी दिसलं. पण त्यातलं निम्मं कसरीने खाल्लेलं. उरलं त्यात लहान मुलाचा कोट झाला असता एक.

“एकच होईल,” शिवणबाई म्हणाली. कंपनीतली सगळी कपडेपटाची खोली ती एकटी सांभाळायची. “एकातच तिन्ही करा. शेवट आधी घ्या. नवा कोट आहे तोवर घराचे शॉट उरका. मग मी तो विटवते, मग फाडते. नव्याचं जुनं करणं माझ्या हातात आहे, साहेब. जुन्याचं नवं कुणाच्याच हातात नाही.”

भोंग्याने चक्क कर्णा खाली ठेवला. “बाई, तुम्ही मशीनवर काय बसता? माझ्या खुर्चीत येऊन बसा.”

“नको. ती डुगडुगते. माझ्याच नवऱ्याने केलीय.”

सगळे हसले. कोपऱ्यात रंधा मारणारा नवराही हसला, कारण तो कंपनीचा सुतार होता आणि खुर्ची खरंच डुगडुगायची. अशा रीतीने हसत-खेळत ठरलं, की चित्र शेवटाकडून सुरुवातीकडे काढायचं. त्यात कुणाचं काही बिघडेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शिवणबाईच्या तर नाहीच.

पोराच्या कामासाठी नाटकातली सात मुलं आपापल्या आयांसह येऊन गेली. रडून दाखव म्हटलं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं रडायची. भोंगा वैतागला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या खऱ्याखुऱ्या अनाथाश्रमात गेला. तिथल्या मोठ्या बाईंनी सहा वर्षांची एक मुलगी पुढे केली. तिला म्हटलं रडून दाखव, तर ती म्हणाली, “कशाबद्दल?”

त्याच दिवशी तिचे केस कापून तिचा मुलगा केला.

आश्रमाचं फाटक पाचाच्या घंटेला बंद होई आणि ऊन तर त्यानंतरही तासभर कामाचं असे. म्हणून चित्र संपेपर्यंत मुलीने शिवणबाईच्या घरी राहावं असं ठरलं. घर काय, सुताराच्या वखारीवरच्या दोन खोल्या. पण नवरा-बायको सरळ, आणि वर सासूबाई. मोठ्या बाईंनी सासूबाईंशी दहा मिनिटं बोलून पाहिलं आणि हो म्हटलं.

माप घेताना मुलगी हात पसरून उभी राहिली ती राहिलीच. डोळे मात्र जमिनीवर. माप संपलं तशी खाली बसली आणि मशीनखाली घरंगळलेल्या गुंड्या गोळा करायला लागली. मोठ्या एका रांगेत, लहान दुसऱ्या, आणि फुटकी एक होती ती मुठीत.

“ती टाक,” शिवणबाई म्हणाली.

“हिला रांग नाही,” मुलगी म्हणाली आणि मूठ आणखी घट्ट मिटली.

तेव्हापासून तिचं नाव गुंडी पडलं.

सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी तिला नखशिखांत न्याहाळलं. “सहाशे पानं तो मुलगा होता, तुम्ही त्याची मुलगी केलीत. उद्या आजोबाची आजी कराल.”

“आजोबा मिळालेत, आई,” सुतार म्हणाला. “दाढी चिकटवायची तेवढी राहिलीय.”

“मग आजी मीच होते,” म्हातारी म्हणाली आणि गुंडीच्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवली. गुंडी तास तास हात हलवत नसे. अशी लड धरणारी या घरात आजवर कुणी आली नव्हती, असं सासूबाई चार जणींना सांगत सुटल्या. चौथ्या दिवशी गुंडीने म्हातारीचे मोजे लपवले, आणि घर कसं नांदतं वाटायला लागलं.

नांदतं हा शब्द त्या घरात वर्षभर कुणी काढला नव्हता. आदल्या वर्षी शिवणबाईला मुलगी झाली होती. अकरा दिवस होती. कपाटाच्या खालच्या खणात तिची तीन टोपडी होती, त्यातलं एक अजून काठ घालायचं राहिलेलं. तो खण कुणी उघडत नसे आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. बोललं असतं तर ती सगळीच बोलली असती, आणि मग कुणी सावरायचं कुणाला?

तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बाई स्वतः कपडेपटात आल्या. सिनेमा म्हणजे शुद्ध थिल्लरपणा, असं त्या बसल्या बसल्या एकदा आणि निघता निघता एकदा म्हणाल्या. मधे म्हणाल्या ते हे:

“ऐका. दुसऱ्या गावचा एक घड्याळजी आणि त्याची बायको, त्यांचा अर्ज माझ्याकडे वर्षभर पडून आहे. मुलगीच हवी म्हणतात. माझी यादी आहे, आणि यादीत पहिले ते. पण पोर तुमच्याकडे रुळलीय हे मला दिसतं. तुम्हाला ठेवायची असेल तर ती तुमच्याकडे आहे तोवर अर्ज द्या. मी म्हणेन, आहे तिथे राहू द्या. एकदा ती परत माझ्या फाटकाच्या आत आली, की मग यादी ती यादी.”

आणि त्यांनी शिवणबाईच्या मांडीवर छापील अर्ज ठेवला.

सुताराने त्याच संध्याकाळी सही केली. लाकडावर खूण करावी तशी पेन्सिलने. मग बायकोने डोळे वटारले तेव्हा शाईने. सासूबाई म्हणाल्या, “भर गं लवकर. माझा दुसरा मोजा कुठाय ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.”

शिवणबाईने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, दोघांची वयं, किती खोल्या, खिडक्या किती. मग एक रकाना आला. स्वतःची अपत्ये, संख्या.

तिने पेन उचललं.

एकही नाही, असं लिहिलं तर त्या अकरा दिवसांवर आपल्याच हाताने बोळा फिरवल्यासारखं होत होतं. एक, असं लिहिलं तर विचारतील, कुठाय? एवढासा चौकोन. शिवणबाईने आयुष्यात किती चौकोनी ठिगळं लावली होती, पण हे एक काही तिच्याने लागेना. उद्या लिहू म्हणून तिने अर्ज गुंड्यांच्या डब्यात घडी करून ठेवला. उद्याचं परवा झालं. चित्र संपायला अजून वेळ आहे, असं ती मनाला सांगत राहिली.

घराचे शॉट सुरू झाले. काचेच्या छपराखाली सुताराने दिवाणखाना उभा केला होता. तीन भिंती, दार, खिडकीपाशी बसायची गादी. गुंडीच्या अंगावर नवाकोरा कोट, चार गुंड्यांचा. कॅमेरावाला हँडल फिरवताना ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचा. आजोबाचं काम करणारा म्हातारा नट रंगभूमीवर चाळीस वर्षं घालवलेला. चित्र मुकं असलं तरी तो वाक्यं म्हणायचाच. म्हटल्याशिवाय डोळ्यांत पाणी येत नाही म्हणे. त्याने गुंडीला उचललं, छातीशी धरलं, आणि भरल्या गळ्याने म्हणाला, “बाळा, आता हे घर तुझं. आता कुठ्ठे जायचं नाही.” गुंडीने त्याच्या मानेला मिठी मारली. ती मिठी कुणी शिकवली नव्हती.

“बस!” भोंगा ओरडला.

म्हाताऱ्याने तिला खाली ठेवलं, दाढी उपटली, “हुश्श, काय खाजतं हो हे,” म्हणत खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली आणि सावलीत जाऊन बसला. दोन माणसांनी दिवाणखान्याची एक भिंत उचलून नेली. गुंडी तिथेच उभी होती, दोन्ही हात वर, मिठी मारली होती तसे. शिवणबाईने येऊन ते हळूच खाली केले.

दुसऱ्या दिवशी “बस” ऐकताच गुंडीने आपले आपण हात खाली केले. तिसऱ्या दिवशी तर “बस” म्हणायच्या अर्धा क्षण आधीच.

“हुशार आहे पोर! मोठ्या नटांना हे कळायला दहा वर्षं जातात,” भोंगा म्हणाला. आणि शिवणबाईला, देवा, तेव्हा कौतुक वाटलं.

मग कोट जुना करायची पाळी आली. शिवणबाईने तो चहाच्या पाण्यात बुडवला, उन्हात वाळवला, कोपरांवर खरबरीत दगड घासला. गुंडी शेजारी बसून पाहत होती.

“मावशी, मी काही केलं का?”

“नाही गं. गोष्टीत तो जुना असतो.”

“काल तर नवा होता.”

“आपण गोष्ट उलटी काढतोय ना. शेवट आधी, सुरुवात मागून.”

गुंडीने जरा विचार केला. “मग उद्या?”

“उद्या खिसा फाडायचा.”

“मग?”

“मग बाही. आणि मग चिंध्या,” शिवणबाई दातांनी दोरा तोडत म्हणाली. तिला वाटलं आपण समजावून सांगितलं. तिच्यापुढे सहाशे पानं सरळ होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. पोरीने त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच: आधी घर होतं, आजोबा होते, मऊ गादी होती. मग रस्ता आला, थंडी आली, कोळशेवाल्याच्या लाथा आल्या. आणि कोट रोज थोडा थोडा फाटत होता.

शेवटचा शॉट राहिला तो गोष्टीतला पहिला. अनाथाश्रमाचं फाटक. फाटक खरंच हवं, असा भोंग्याचा हट्ट, म्हणून ते मोठ्या बाईंच्याच आश्रमाचं घ्यायचं ठरलं. पण आभाळ भरून आलं ते हटेना. भोंग्याने जाहीर केलं, पुढच्या सोमवारपर्यंत कॅमेरा बाहेर काढायचा नाही. शिवणबाईला हायसं वाटलं. चार दिवस मिळाले. रविवारी निवांत बसू, नवरा असेल, त्यालाच विचारू रकान्यात काय लिहायचं. तो एका शब्दात सांगेल. इतके दिवस आपल्याला हे सुचलं कसं नाही?

गुरुवारी दुपारी ढग फाटले आणि लख्ख ऊन पडलं.

“चला, चला, चला!” कर्णा अंगणभर घुमला. जो तो हाताला लागेल ते उचलून मोटारीत चढला. शिवणबाईने सुई-दोरा, टाचण्या, कात्री घेतली. गुंड्यांचा डबा घरी फळीवर राहिला.

फाटकापाशी मोठ्या बाई उभ्या होत्या. थिल्लरपणा म्हणणाऱ्या मोठ्या बाईंनी नवी साडी नेसली होती, केस चापूनचोपून बसवले होते, आणि भोंग्याने “बाई, तुमच्याशिवाय ही भूमिका कोण करणार?” म्हणताच त्या नको नको म्हणत पावडर लावून घ्यायला खुर्चीत बसल्याही. कॅमेरावाला हसू दाबत भिंगं पुसू लागला.

शॉट साधा होता. बाई पोराचा हात धरून त्याला आत नेतात. फाटक लागतं. पोराने मागे वळून पाहायचं नाही.

शिवणबाई गुडघ्यांवर बसून गुंडीच्या अंगावरच लोंबता खिसा दोन टाक्यांनी अडकवत होती. तोंडात टाचण्या.

“मावशी, हा शेवटचा?”

“हं.”

“मग सगळं संपलं?”

“हं, संपलं,” शिवणबाई टाचण्यांतून म्हणाली. तिच्या डोक्यात रविवार होता, रकाना होता, आणि ऊन जातंय म्हणून भोंगा मागे नाचत होता. तिने वर पाहिलंच नाही.

गुंडीने तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. तोल सांभाळायला ठेवला असेल, असं तिला तेव्हा वाटलं.

हँडल फिरू लागलं. लहानगी पाठ बाईंच्या शेजारून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. एवढंसंही नाही. फाटक लागलं.

“बस! वा! संपलं चित्र!”

टाळ्या पडल्या. कुणी टोप्या उडवल्या. कॅमेरावाल्याने हँडलवरचा हात झटकला. आणि त्या गलक्यात आश्रमाची पाचाची घंटा झाली. पहारेकऱ्याने रोजच्यासारखा आतून अडसर घातला.

शिवणबाई गजांपाशी गेली. आत अंगण रिकामं होतं. मोठ्या बाई पावडर लावलेल्या तोंडाने परत आल्या.

“मी तिला घेऊन जाते, बाई.”

“कशाला? चित्र संपलं ना? आलीच आहे आत तर राहू दे. कपडे पाठवून द्या.”

“बाई, अर्ज...”

“आणलाय?”

“घरी आहे. सगळा भरलाय. एकच रकाना...”

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. शंभर पोरं आणि एक यादी, एवढंच त्यांचं जग होतं. “माझ्या शब्दाला मी बांधलेली आहे. घड्याळजी परवा येतायत,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “उद्या सकाळी या. पोरीला समोर बोलावते. तिने स्वतः तुमचं नाव घेतलं, तर मी यादी बाजूला ठेवीन. आजवर कधी ठेवली नाही. पण ठेवीन.”

शिवणबाई घरी आली ती सरळ फळीकडे. नवऱ्याला काही विचारलं नाही. रकान्यात ‘एक’ लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसली. सासूबाईंनी लोकर बाजूला ठेवली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. “घेईल नाव. का नाही घेणार? लड धरायला दुसरं कोण आहे तिला?”

सकाळी भेटीच्या खोलीत मोठ्या बाईंनी अर्ज वाचला. बोट त्या रकान्यावर थांबलं.

“एक? कुठाय?”

“अकरा दिवस होती.”

बाईंनी बोट उचललं आणि गुंडीला बोलावलं.

गुंडी आली ती दारातच उभी राहिली. अंगावर आश्रमाचा झगा, हातात चिंध्यांचा कोट, नीट चौघडी केलेला.

“गुंडी, चल घरी,” शिवणबाई म्हणाली. किती काय काय बोलायचं ठरवून आली होती, त्यातलं एवढंच निघालं.

गुंडीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, रुसून नाही. कामावरच्या माणसाने दुसऱ्या कामावरच्या माणसाकडे पाहावं तसं.

“घराचा शॉट आधीच झाला ना.”

“तो शॉट होता गं. चित्रातला. मी खऱ्या घरी चल म्हणतेय. आजी वाट बघतेय. मोजे...”

“आजोबापण म्हणाले होते, कुठ्ठे जायचं नाही.” ती समजावणीच्या सुरात म्हणाली, जणू शिवणबाईच लहान होती. “मग बस म्हटलं की संपतं. तुम्हीच काल म्हणालात, सगळं संपलं.”

तुम्ही. कालपर्यंत ती शिवणबाईला तू म्हणायची.

“ते मी चित्राचं म्हणाले, बाळ! चित्र उलटं काढलं आपण. घर शेवटी असतं. खरंच गं, शेवटी घरच असतं!”

गुंडीने मान हलवली. मोठी माणसं काहीबाही बोलतात तेव्हा हलवावी तशी. पुढे येऊन कोट तिच्या मांडीवर ठेवला.

“हा घ्या. गुंड्या तीनच आहेत. चौथी रस्त्याच्या शॉटमध्ये पडली. मी शोधली होती, सापडली नाही.”

मोठ्या बाईंनी खाली वाकून विचारलं, “बाळ, नीट सांग. कुणाकडे राहायचंय तुला?”

“इथे,” गुंडी म्हणाली. “आता इथलाच शॉट चालू आहे.”

आणि हात खाली सोडून, सरळ, ती उभी राहिली.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी घड्याळजी आला आणि तिला घेऊन गेला.

चित्र लागायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत शिवणबाईने राण्यांचे झगे शिवले, शिपायांचे गणवेश शिवले, आणि मधल्या वेळात कसरीने खाल्लेल्या त्या हिरव्या कापडाचे तुकडे चाळले. सासूबाई लोकरीची लड खुर्चीच्या पाठीला अडकवून गुंडाळायच्या. खुर्ची हलायची नाही, पण म्हातारी तिच्याशी बोलायचीही नाही.

पहिल्या दुपारच्या खेळाला भोंग्याने झाडून सगळ्यांना बोलावलं. घड्याळजीलाही पत्र गेलं. दारात शिवणबाईने त्या दोघांना पहिल्यांदा पाहिलं. खोट काढायचीच असं ठरवून तिने नजर वरपासून खालपर्यंत नेली आणि काही सापडेना. घड्याळजी बारीक, बुजरा. बोलताना खिशातलं घड्याळ उगाच चाचपणारा. बायको गोल चेहऱ्याची, पोरीच्या कपाळावर आलेले केस सारखी मागे करणारी. केस वाढले होते.

“तुम्हीच ना कोट शिवणाऱ्या?” ती शिवणबाईला बाजूला घेऊन म्हणाली. “एक विचारू का? खाते-पिते, शहाणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण रोज झोपायच्या आधी आपले कपडे घडी करून दारापाशी स्टुलावर ठेवते. जोडे त्याच्यावर. कुणी न्यायला येणार असल्यासारखं. माझं काय चुकतंय का हो?”

“नाही,” शिवणबाई म्हणाली. “तुमचं नाही चुकलं.”

अंधार झाला. गुंडी त्या दोघांच्या मधे, शिवणबाई मागच्या रांगेत, तिच्या एका बाजूला सुतार आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई. पडद्यावर आधी फाटक आलं. लहानगी पाठ आत गेली, आणि सबंध थिएटर हळहळलं. मग रस्ता, थंडी, कोळशेवाला. शिवणबाईला कोट दिसत होता. तिच्या देखत तो एकेक टाका सावरत चालला होता. बाही अखंड झाली. खिसा वर आला. चौथी गुंडी जागेवर आली. पुढच्या रांगेतलं डोकं हळूहळू खुर्चीच्या काठावरून वर सरकत होतं.

मग दार उघडलं, दिवाणखाना आला, खिडकीपाशी गादी. आजोबांनी पोराला छातीशी धरलं. पोराने मिठी मारली.

आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. लोक डोळे पुसत उठायला लागले. गुंडी उठली नाही. पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली. मग खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली, थेट शिवणबाईकडे.

“मावशी, कुणी बस नाही म्हटलं.”

“नाही म्हणत, गुंडी,” शिवणबाईने आवाज सांभाळला. “तेवढं कापून टाकतात.”

“मग पुढे?”

“पुढे काही नाही. गोष्ट तिथेच राहते.”

“घरात?”

“घरात.”

गुंडी तिच्याकडे बघत राहिली. शिवणबाईला कळत होतं, आत्ता, या क्षणी, एक शब्द टाकला तर. आत्ता पोरीला खरं पटलंय. माझ्या घरात, एवढं म्हणायचा अवकाश. शेजारी सासूबाईंनी तिचा पदर मुठीत धरला होता. आणि पुढे ती गोल चेहऱ्याची बाई, काही न कळून, पोरीचे जोडे गादीला लागू नयेत म्हणून तळहातावर धरून बसली होती.

शिवणबाईने तो शब्द गिळला.

“तुझ्या घरात,” ती म्हणाली, आणि नजरेने त्या जोड्यांकडे, त्या हातांकडे दाखवलं.

गुंडीने खाली पाहिलं. बराच वेळ. मग सरळ होऊन बसली, आणि आपणहून त्या बाईच्या मांडीवर पाय ठेवले.

बाहेर पायऱ्यांवर शिवणबाईने पिशवीतून कोट काढला. चिंध्या जोडून, कोपरांना त्याच हिरव्या कापडाची ठिगळं लावून, बाह्यांत आत मुडपलेली दोन बोटं माया उसवून लांब केलेला. नवा झाला नव्हता. शिवण अन् शिवण दिसत होती. “घालायला नसला तरी राहू दे,” ती घड्याळजीच्या बायकोला म्हणाली. पण गुंडीने तेवढ्यात हात पसरले, माप घेताना पसरायची तसे, आणि शिवणबाईने खाली बसून तो तिच्या अंगावर चढवला. एक, दोन, तीन. चौथी लावताना गुंडीने बोट ठेवलं.

“ही फुटकी आहे.”

“तुझीच आहे. आमच्याकडे उशीखाली राहिली होती.”

“हिला रांग नव्हती,” गुंडी म्हणाली. आणि मग, हळू, “आजीचा दुसरा मोजा लोकरीच्या टोपलीत आहे. तळाशी.”

घड्याळजीने खिशातलं घड्याळ पाहिलं, गाडीची वेळ झाली म्हणून ओशाळून सांगितलं, आणि ती तिघं पायऱ्या उतरली. रस्ता ओलांडताना हिरवा कोट दोघांच्या मधे होता. कुणी सांगितलेलं नव्हतं तरी कोपऱ्यावर तो थांबला, मागे वळला, आणि मग पुढच्यांना गाठायला पळत सुटला.

शिवणबाई पायरीवर तशीच गुडघ्यांवर बसलेली. दोन्ही हात वर, हवेत, शेवटची गुंडी लावली होती तिथेच.

सासूबाईंनी येऊन ते हळूच खाली केले.